उघडणाऱ्याची सही कुठे आहे? : पुणे जिल्ह्यातल्या चार खासदारांना खुलं पत्र

प्रति,
मा. खासदार,
पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ लोकसभा मतदारसंघ

स. न. वि. वि.

दुसऱ्यांची पत्रं उघडण्याचा पगार मी तीन वर्षं घेतला आहे. तेव्हा सरकारला लोकांची पत्रं उघडू देणाऱ्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यावर मी सोवळं नेसून बोलणार नाही, हे आधीच सांगतो.

टपाल खात्यात मी १९७९ साली चिकटलो आणि २०१६ मध्ये उपनगरातल्या एका पोस्टातून सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. मधली १९८३ ते ८६ ही वर्षं मुंबईला आरएलओत काढली. आरएलओ म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिस. जुनी मंडळी त्याला डेड लेटर ऑफिसच म्हणायची. ज्या पाकिटावरचा पत्ता लागत नाही आणि मागे पाठवणाऱ्याचं नावही नाही, ते फिरत फिरत शेवटी तिथे येऊन पडतं. 'दादर, बाबांना द्यावे' एवढ्याच पत्त्याचं पाकीट मी या हातांनी हाताळलेलं आहे. असं पाकीट परत करायचं तर उघडावंच लागतं. १८९८ च्या टपाल कायद्यात त्यासाठी ३८ वं कलम होतं. उघडणारा माणूस त्या कामासाठी नेमलेला हवा आणि गुप्ततेला बांधलेला हवा, असं ते सांगायचं.

टेबलावर ते असं चालायचं. पाकिटाच्या कडेने कात्री फिरवायची, कागद बाहेर काढायचा. नजर आधी वरच्या उजव्या कोपऱ्यात, कारण गाव आणि तारीख तिथे असते. मग थेट तळाला, कारण नाव तिथे असतं. मधला मजकूर आपला नाही. आमचे सुपरवायझर म्हणायचे, "'सा. न. वि. वि.'वरून उडी मारायची ती 'कळावे'वरच पडली पाहिजे." पत्ता मिळाला की कागद होता तसा आत, ते सगळं खात्याच्या पाकिटात, वहीत नोंद आणि नोंदीपुढे उघडणाऱ्याची सही.

आता खरं सांगायचं तर उडी प्रत्येक वेळी 'कळावे'वर पडत नाही. गिरणी संपानंतरचे दिवस होते. चाळीतल्या खोल्या सोडून माणसं गावाकडे निघून गेली होती आणि त्यांच्या नावाची पत्रं ढिगाने परत येत होती. त्यातलं एक सातारा जिल्ह्यातल्या बाईने नवऱ्याला लिहिलेलं. अक्षर शाळकरी, बहुधा मुलीकडून लिहून घेतलेलं. म्हैस विकली, थोरलीचं नाव शाळेतून काढलं, तुमच्या जिवाला घोर नको म्हणून आजवर कळवलं नाही. या ओळी मी वाचल्या. वाचायचं काही कारण नव्हतं, गावाचं नाव वर स्वच्छ लिहिलेलं होतं. मान वर केली तर सुपरवायझर माझ्याकडेच बघत होते. बोलले काही नाहीत. हातातली पेन्सिल वहीवर दोनदा टेकवली, एवढंच. सही करताना माझे कान तापले होते. चाळीस वर्षं झाली, ती म्हैस माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

कोणाचंही पत्र कधीच उघडू नये, असं म्हणायला मी आलेलो नाही. मी विचारतोय ते सहीबद्दल.

पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ हा राज्यसभेत ४ डिसेंबर २०२३ ला आणि लोकसभेत १८ डिसेंबरला आवाजी मतदानाने संमत झाला. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली आणि १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. त्यातलं नववं कलम मी आपल्यापुढे ठेवतो, कारण ते लोकसभेत आलं तेव्हा निदान पुणे शहराच्या वतीने ते कोणी वाचलं नाही याची मला खात्री आहे. त्या दिवशी पुण्याची जागा रिकामी होती. मार्च २०२३ मध्ये खासदार गिरीश बापट गेले, त्यानंतर पोटनिवडणूक झालीच नाही. ती ताबडतोब घ्या, असं मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबरला निवडणूक आयोगाला सांगितलं होतं. हे विधेयक त्यानंतर पाच दिवसांनी संमत झालं. बारामती आणि शिरूरचे खासदार तेव्हा होते, पण विरोधी सदस्यांना घाऊक निलंबित करण्याचे ते दिवस होते आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, त्या दोघांचाही नंबर लागला. मी कोणावर ठपका ठेवत नाही. आपल्या जिल्ह्याची टपालपेटी उघडायचा परवाना कोणत्या गडबडीत निघाला, तेवढं नोंदवून ठेवतो.

कलम म्हणतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही अधिकाऱ्याला अधिकार देऊ शकतं. तो अधिकारी पोस्टातून जाणारी कोणतीही वस्तू अडवू, उघडू किंवा रोखून ठेवू शकतो. कारणं: राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता; शिवाय या कायद्याचा किंवा लागू असलेल्या अन्य कोणत्याही कायद्याचा भंग.

शेवटचे शब्द पुन्हा वाचा. अन्य कोणत्याही कायद्याचा. या शहरात हेल्मेटशिवाय दुचाकी चालवणं हासुद्धा मोटार वाहन कायद्याचा भंग आहे. त्या हिशेबाने कर्वे रस्त्यावरच्या निम्म्या लोकांच्या राख्या उघडता येतील. हसण्यावारी नेऊ नका. कायद्यात जे लिहिलंय त्याचा सरळ अर्थ हाच होतो. अमुक इतका गंभीर गुन्हा असेल तरच, अशी अट त्यात नाही. 'आणीबाणी' हा शब्दही असाच उघडा ठेवला आहे. १८९८ च्या कायद्यात तो 'सार्वजनिक आणीबाणी' असा तरी होता. राज्यघटनेच्या १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायची कारणं मोजून दिली आहेत. त्या यादीत 'आणीबाणी' नाही आणि 'सार्वजनिक सुरक्षितता'ही नाही.

आणि जे नाही ते जास्त बोलकं आहे. इंग्रजांच्या कायद्यातल्या २६ व्या कलमात टपाल अडवायला लेखी हुकूम लागायचा. नवव्या कलमात 'लेखी' हा शब्द मी चष्मा बदलून शोधला, सापडला नाही. किती दिवसांसाठी, ते नाही. पुढे कोणी तपासायचं, ते नाही. ज्याचं पत्र उघडलं त्याला कधीतरी कळवायचं की नाही, ते नाही. न्यायाधीश तर लांबच राहिले.

आता इंग्रजांचा विषय निघालाच आहे तर पुणेकराला १८९८ हे साल सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी इथे प्लेग होता. सोजिर घराघरांत घुसून माजघरापर्यंत तपासणी करत होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली गेली. पाठोपाठ टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, नातू बंधूंना खटला न चालवताच हद्दपार केलं. पुढच्या वर्षी राजद्रोहाचं कलम रुंद केलं आणि त्याच वर्षी टपाल कायदाही आला. पुण्यामुळे टपाल कायदा आला असं मी म्हणणार नाही, १८६६ चा जुना कायदा केव्हातरी बदलायचाच होता. पण सरकारची मनःस्थिती काय होती ते साल सांगतं. तशा मनःस्थितीत बसून, परक्या रयतेसाठी कायदा लिहिणाऱ्या साहेबालाही 'लेखी हुकूम' हे दोन शब्द टाकावेसे वाटले. आपण २०२३ मध्ये तेही गाळले.

हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. १९८६ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने याच २६ व्या कलमाची दुरुस्ती दोन्ही सभागृहांत संमत करून घेतली. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि परतही पाठवली नाही. जुलै १९८७ मध्ये ते पायउतार झाले तेव्हाही ती तशीच होती. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती वेंकटरमण यांनी ते विधेयक फेरविचारासाठी परत केलं आणि २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतलं. झैलसिंगांकडे ते पडून होतं तेव्हा मी नुकताच मुंबईहून पुण्याला बदलून आलो होतो. काउंटरवर लोक थट्टेने विचारायचे, "काय हो, राष्ट्रपतींचं टपाल अजून सॉर्टिंगलाच अडकलंय का?" आज त्या थट्टेतला कोणता पक्ष कोणत्या बाजूला होता, ते आठवून बघा. सगळ्यांनी जागा बदलल्या आहेत. पाकीट मात्र तेच.

माझ्या घरी काय झालं ते सांगतो, म्हणजे हा माणूस हवेत बोलतोय असं वाटायला नको.

नागपूरला माझे एक जुने सहकारी असतात. ऐंशी गाठलीय. दर दिवाळीला ते फुलस्केपची चार पानं लिहितात. गुडघे, साखर, नातीचं लग्न आणि सध्याच्या सरकारवर एक परिच्छेद, मग ते कोणाचंही असो. गेल्या दिवाळीत त्यांचं पाकीट आलं ते एका बाजूने उघडं, आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी. मशीनमध्ये फाटलेल्या पाकिटाची कड कशी होते ते मला माहीत आहे; दातेरी होते, कागदाचे धागे निघतात. ही कड सरळ होती. आत पानं चारच होती, पण क्रम चुकलेला: एक, तीन, दोन, चार.

आमच्या वेळी पाकीट फाटून आलं तर ज्याच्या हाती ते तसं पडलं तो मागे शेरा मारायचा, 'फाटलेल्या स्थितीत मिळाले', खाली सही आणि तारखेचा शिक्का. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट ही. कारण शेरा नसेल तर आळ आपल्यावर येतो. या पाकिटावर शेरा नाही, सही नाही, शिक्का नाही. मी चौकशीला गेलो. काउंटरवरची मुलगी भली होती, कामात बुडालेली होती. म्हणाली, "काका, वरूनच असं आलंय." वरून म्हणजे कुठून, ते तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

ते पाकीट सरकारने उघडलं असं माझं म्हणणं नाही. नव्वद टक्के शक्यता अशी की कोणाच्या तरी ब्लेडने पुडकं सोडताना ते कापलं गेलं, पानं पडली, कोणीतरी गोळा करून भरली. पण उरलेल्या दहा टक्क्यांचं काय करायचं? कोणाला विचारायचं? पूर्वी एक धाक होता. जुन्या कायद्याचं ५३ वं कलम: टपाल खात्यातल्या माणसाने कर्तव्य सोडून पत्र उघडलं, अडवलं, उशीर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद. ते कलम आम्हाला तोंडपाठ होतं. नव्या कायद्यात ते नाहीच. उलट दहावं कलम म्हणतं की अधिकाऱ्याने दिलेल्या सेवेबद्दल त्याला जबाबदार धरता येणार नाही. त्याने लबाडी केली असेल किंवा मुद्दाम नुकसान, विलंब वा चुकीचा बटवडा केला असेल तेवढाच अपवाद. पत्र उघडून वाचलं आणि वेळेवर, योग्य पत्त्यावर, शाबूत पोचवलं तर? नुकसान नाही, विलंब नाही, बटवडाही बरोबर. खातेनिहाय चौकशी होईल म्हणता? होईल, पण नाव कळलं तर.

आणीबाणीत मी कॉलेजात होतो. आमच्या वाड्यातले एक गृहस्थ मिसाखाली येरवड्यात होते. त्यांची पत्रं यायची ती उघडूनच, पण वर कारागृहाचा शिक्का असायचा. काकू पाकीट हातात घेऊन आधी तो शिक्का बघायच्या आणि मग आम्हा मुलांना म्हणायच्या, "वाचलंय हो त्यांनी, आता आपण वाचू." त्यांना माहीत होतं की मध्ये कोणीतरी आहे. त्या हिशेबाने काका लिहायचे, त्या हिशेबाने काकू उत्तर द्यायच्या. स्थानबद्ध माणसाच्या बायकोला जेवढं कळत होतं तेवढं आज मला कळत नाही, आणि मी तर साधा पेन्शनर आहे.

फोनचं बघा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात सांगितलं की हुकूम गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि वर पुनर्विलोकन समिती. २०२४ च्या दूरसंचार नियमांतही तो सांगाडा टिकून आहे. एवढं असूनही काय होऊ शकतं यावर पुण्यात चर्चा झालीच होती: राजकीय पुढाऱ्यांचे फोन दुसऱ्याच नावांनी टॅप केल्याची तक्रार २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात नोंदली गेली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, त्यामुळे खरं-खोटं करण्यात मला रस नाही. मी वेगळंच बघतो. तिथे प्रस्ताव होते, मंजुऱ्या होत्या, नावं लिहिलेले कागद होते. कागद होते म्हणून आरोप करता आला, आणि कागद असले की ज्याच्यावर आरोप होतो त्या अधिकाऱ्यालाही आपली बाजू मांडता येते. सही दोन्ही बाजूंना राखते.

तर फोनला हा एवढा पहारा आणि पत्राला काहीच नाही. त्यात आणखी गंमत म्हणजे नववं कलम पोस्टातून जाणाऱ्या वस्तूंपुरतंच आहे. हेच पत्र मी लक्ष्मी रोडवरच्या कुरिअरवाल्याकडे दिलं तर हे कलम त्याला लागत नाही. म्हणजे ज्याला लपवायचंय तो पन्नास रुपये जास्त मोजेल आणि मोकळा होईल. पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकतो कोण? नवी पेठेत दहा बाय दहाच्या खोलीत राहून एमपीएससी करणारा मुलगा. सीमेवरच्या नवऱ्याला एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्यावर फराळाचं पार्सल करणारी बाई. येरवड्यातल्या कैद्याची आई. शिवाजीनगर कोर्टातून घटस्फोटाची नोटीस ज्याच्या नावाने निघालीय तो. आणि माझ्यासारखे म्हातारे.

सुरक्षेचं म्हणाल, तर मी त्यावर नाक मुरडणार नाही. पार्सलातून काय काय येतं ते मी ऐकलंय आणि थोडंफार पाहिलंही आहे. अमली पदार्थ टपालाने येतात, विदेशी टपालाची जकात तपासणी व्हायलाच हवी. पण वस्तू आणि मजकूर यांत फरक करा. पार्सल क्ष-किरणाखाली घातलं की आत काय आहे ते दिसतं. गुडघ्याचं दुखणं वाचावं लागत नाही. आणि खरोखर एखादं पत्र हवंच असेल तर रस्ता आधीपासून आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो ९२ व्या कलमात होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ९५ व्या कलमात आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक टपाल खात्याला सांगून एखादं पत्र शोधायला आणि रोखून ठेवायला लावू शकतात, मात्र ते हाती पडायला जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा हुकूम लागतो. जिल्हा दंडाधिकारी म्हणजे कलेक्टर, तो काही न्यायाधीश नव्हे, हे मलाही कळतं. तरी निदान एक नाव आहे, एक कारण आहे, एक कागद आहे. पोलिसांचं काम त्याने अडत नाही, कारण पत्र तर आधीच थांबलेलं असतं. ही संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, पोस्ट ऑफिस कायद्यानंतर तेरा दिवसांनी. एकाच संसदेने, एकाच अधिवेशनात, एक दरवाजा कुलूप लावून बांधला आणि शेजारची भिंत पाडून ठेवली.

दुसऱ्या देशांत काही रामराज्य नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्येच सांगितलं होतं की बंद पाकीट म्हणजे घरात ठेवलेला कागद, ते उघडायला वॉरंट हवं. तरीही १९५२ ते १९७३ अशी वीसेक वर्षं तिथल्या गुप्तचर संस्थेने न्यूयॉर्कमध्ये दोन लाखांहून जास्त पत्रं गुपचूप उघडली. १९७५ मध्ये सिनेटच्या समितीने ते चव्हाट्यावर आणलं. आणि डिसेंबर २००६ मध्ये अध्यक्ष बुश यांनी एका टपाल कायद्यावर सही करताना सोबत निवेदन जोडलं की तातडीच्या प्रसंगी वॉरंटशिवायही टपाल तपासता येईल असा अर्थ सरकार लावेल. त्यावरून गदारोळ झाला. पण गदारोळ होऊ शकला, कारण वॉरंट हा शब्द आधीपासून तिथे होता. आपल्याकडे नेमका कशावरून करायचा?

इंग्लंडची गोष्ट मला जास्त आवडते. इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी हे नाव पुण्याला नवं नाही. १८४४ मध्ये तो लंडनला आश्रयाला होता आणि त्याला संशय आला की आपली पत्रं कोणीतरी उघडतंय. तक्रार कोणाकडे करणार? त्याने मित्रांना सांगितलं, पाकिटात खसखशीचे दाणे टाका, वाळूचा कण टाका, केस टाका. पत्र पोचायचं, दाणे पोचायचे नाहीत. प्रकरण पार्लमेंटात गेलं. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांची एवढी नाचक्की झाली की लोक पाकिटांवर 'हे ग्रॅहमू नये' असं लिहू लागले. त्या देशात आज २०१६ चा कायदा आहे. टपाल उघडायच्या वॉरंटवर मंत्र्याची सही लागते आणि ते अमलात येण्याआधी न्यायिक आयुक्ताची मान्यता. वर वर्षाचा अहवाल छापून येतो. अहवालात सगळं येत असेल असं मी समजत नाही. पण छापलेला आकडा समोर असला की प्रश्न विचारायला काहीतरी धरायला मिळतं.

आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द दिवसातून चारदा वापरतो. पेशवे दफ्तरातली पत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ठाऊक असेल: शिक्का वर असतो, मोर्तब शेवटी. मजकूर जिथे संपतो तिथेच ते उमटवायचं, म्हणजे नंतर कोणाला त्याखाली आपल्या पदरची ओळ घुसडता येऊ नये. पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये कोणीतरी असू शकतो, हे त्या कारकुनांनी धरूनच चाललेलं होतं. म्हणून त्यांनी खूण करून ठेवली.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यावर मी पामर काय भर घालणार. कोणीतरी वकील नवव्या कलमाला आव्हान देईल, वर्षं जातील, निकाल लागेल. मला आपल्याकडून हवंय ते त्याआधीचं आहे.

आपण चौघे आहात आणि चौघे एका पक्षाचे नाही. ते बरंच आहे. पहिली गोष्ट म्हणजे संसदेत एक साधा प्रश्न टाका: नवव्या कलमाखाली आजवर किती अधिसूचना निघाल्या, कोणकोणत्या पदाच्या अधिकाऱ्यांना अधिकार मिळाला आणि एका वर्षात किती पाकिटं उघडली गेली. नावं नकोत, पत्ते नकोत, आकडा सांगा. उत्तर 'शून्य' आलं तर मी पहिला पेढे वाटीन, चितळ्यांचे. उत्तर 'राष्ट्रहितासाठी सांगता येत नाही' असं आलं तर तेही उत्तरच आहे.

दुसरं, शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांची विधेयकं येतात. ती संमत होत नाहीत हे मलाही माहीत आहे. तरी एक आणा. त्यात एवढंच असावं की पत्राचा मजकूर वाचायचा असेल तर न्यायाधीशाचा लेखी हुकूम हवा. अगदीच घाई असेल तर आधी रोखा आणि तीन दिवसांत हुकूम आणा, नाहीतर सोडून द्या. उघडलेल्या पाकिटावर उघडणाऱ्याचा क्रमांक आणि तारखेचा शिक्का असावा. तपास संपला की ज्याचं पत्र त्याला कळवावं. आणि ५३ वं कलम होतं तसं परत आणावं. पोस्टमनला तुरुंगात टाकायची मला हौस नाही, तीस वर्षं मी त्यांच्यातच जेवलोय. त्या कलमाने लोकांपेक्षा जास्त राखण आमची केली होती. साहेबाने तोंडी सांगितलं तर "लेखी द्या, नाहीतर मी आत जाईन" असं म्हणायची सोय होती. आता त्या पोराने काय म्हणायचं?

हे पत्र छापायला देतो आहे, तसंच चार प्रती आपणा चौघांना दिल्लीच्या पत्त्यावर टपालानेही पाठवतो आहे, पोचपावतीसह. पिनकोड नीट घातला आहे. ती पद्धत १९७२ मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवली, तिचा मान राखायला हवा.

पाकीट फोडताना खाली पांढरा कागद धरावा. प्रत्येकात खसखशीचे एकवीस दाणे आहेत, अनारशासाठी आणलेल्यातले, बायकोसमोर मोजून टाकलेले. कमी भरले तर कृपया कळवावे.

आपला,
एक निवृत्त सबपोस्टमास्तर
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०